वाचकांचे प्रश्न : ‘अँग्री’ म्हणजे नेमका कोणता राग?

प्रश्न : मी पुण्यातील एका खासगी कंपनीत आरेखन विभागात काम करते. आमचे एक ग्राहक इंग्लंडमध्ये आहेत. त्यांच्याकडून यायचे नकाशे तिसऱ्यांदा वेळेवर आले नाहीत, तेव्हा मी ईमेलमध्ये ‘आय अ‍ॅम अँग्री अबाउट धिस डिले’ असे लिहिले. या उशिराचा आम्हाला त्रास होतो आहे, एवढेच मला म्हणायचे होते. तिकडच्या अधिकाऱ्याने मात्र थेट आमच्या साहेबांना फोन केला, आणि साहेबांनी मला ‘अँग्री नाही, डिसअपॉइंटेड लिहायचे असते’ असे सुनावले. राग आला तर राग आला असे लिहिण्यात काय चुकले? ‘अनॉइड’, ‘इरिटेटेड’, ‘अपसेट’, ‘फ्यूरियस’ हे शब्द कोशात पाहिले, तर सगळ्यांपुढे राग, संताप, चीड हेच अर्थ दिसतात. कोणता शब्द कुठे वापरायचा, हे कसे ठरवावे?

उत्तर : आपल्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती आणि आपला रागही अवाजवी नव्हता, घोटाळा झाला तो ‘राग’ या मराठी शब्दाला ‘अँग्री’ हा एकच जोडीदार ठरवून टाकल्यामुळे. मराठीतला ‘राग’ फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. चहात साखर कमी पडली म्हणून येतो तो राग, आणि भावाने सातबाऱ्यावर परस्पर स्वतःचे नाव लावून घेतले म्हणून येतो तोही रागच. ‘राग मानू नका, पण एक विचारू का?’ असे आपण अनोळखी माणसालाही म्हणतो, आणि तेव्हा तो खरोखर संतापेल अशी भीती आपल्या मनात मुळीच नसते. हेच वाक्य शब्दशः नेऊन ‘प्लीज डोन्ट बी अँग्री’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की आता एखाद्या मोठ्या अपराधाची कबुली येणार आहे. तिथे ‘आय होप यू वोन्ट माइंड’ एवढेच पुरते.

‘अँग्री’ हा शब्द वापरणारा माणूस बहुतेक वेळा एका दमात दोन गोष्टी सांगत असतो : माझ्याशी वाईट वागणूक झाली आहे, आणि ती तुमच्याकडून झाली आहे. कार्यालयीन पत्रव्यवहारात, त्यातही इंग्लंडमधल्या, तो जवळजवळ तक्रारअर्जाची पहिली ओळ वाटतो. म्हणूनच त्या अधिकाऱ्याने आपल्याला उत्तर देण्याऐवजी वरच्या माणसाला गाठले. याउलट ‘डिसअपॉइंटेड’ हा शब्द आपल्या कानाला मवाळ, थोडासा रडवेला वाटतो, कारण शाळेत आपण त्याचा अर्थ ‘निराश’ असा पाठ केलेला असतो. पण इंग्रज माणसाने ‘वी आर डिसअपॉइंटेड’ असे लिहिले, तर पारा चढला आहे, फक्त आवाज चढवलेला नाही, असे समजावे. आपल्याकडच्या सरकारी पत्रात ‘तीव्र नाराजी’ जे काम करते, ते तिथे हा शब्द करतो. साहेबांचा सल्ला बरोबर होता. तो फोन येण्याआधी दिला असता तर अधिक बरे झाले असते, एवढेच.

आता आपण विचारलेले इतर शब्द. यांतला फरक मला कोशातून जेवढा कळला, त्याहून अधिक घरातल्या एका नळामुळे कळला. मोरीतला नळ रात्री ठिबकू लागला. थेंबाथेंबाने झोप उडवणाऱ्या त्या आवाजाने मनाची जी अवस्था होते, ती ‘इरिटेटेड’. हा शब्द कातडीलाही लागू पडतो : लोकरीचा स्वेटर उघड्या मानेला घासून घासून जी चुणचुण होते, तीही इरिटेशनच. त्यामुळे सतत टोचणारे, घासणारे, पुन्हा पुन्हा होणारे काहीतरी या शब्दामागे बहुधा असते, आणि मराठीत त्याला ‘चिडचिड’ हा तसाच जोडशब्द तयार आहे. सकाळी प्लंबरला फोन केला. ‘उद्या नक्की येतो’ म्हणाला आणि आला नाही. या एका ठरावीक गोष्टीबद्दल, एका ठरावीक माणसावर जी नाराजी येते, ती ‘अनॉइड’. तिसऱ्या दिवशी तो आला, नळ उघडून बसला, आणि मग म्हणाला की वायसर आणायचा राहिला. तेव्हा मी जो झालो तो ‘एक्झॅस्परेटेड’, म्हणजे निव्वळ वैतागलेला. या शब्दाच्या पोटात ‘खरखरीत’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि तो अशाच वेळी शोभतो, जेव्हा समजूत, आठवण, विनंती असे सगळे उपाय करून थकलेला माणूस कपाळावर हात मारतो. एवढे होऊनही मी ‘अँग्री’ झालो नव्हतो. तो झालो चौथ्या दिवशी, जेव्हा नळाचा आटा तुटला, पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या माळ्यावर झिरपले, आणि ‘नळ आधीच खराब होता’ असे सांगून त्याने वर पैसेही मागितले.

हे चार शब्द म्हणजे एकाच जिन्याच्या चढत्या पायऱ्या, असे बहुतेक शिकवणी-पुस्तकांत सांगितलेले असते. मला ते अपुरे वाटते. रागाचे प्रमाण किती, हा त्यांतला एक प्रश्न झाला. दोष कोणाचा, तो किती वेळा घडला, आणि आपण अजून काही करू शकतो की हात टेकले आहेत, हेही त्या शब्दांतून कळते. म्हणून कोणता शब्द घ्यावा, असे अडले की आधी मराठीत नेमके बोलून पाहावे. ‘मला राग आला’ असे न म्हणता, मी त्रासले, चिडले, वैतागले, की भडकले, हे मनाशी ठरले, तर इंग्रजी शब्द निम्मा सापडलेला असतो.

‘अपसेट’ची गोष्ट वेगळी आहे. त्यात राग असतो, पण दुःखाबरोबर कालवलेला. पोट अपसेट होते, ठरलेला बेत अपसेट होतो, तसे मनही ढवळून निघते, एवढेच तो शब्द सांगतो. दुसऱ्याला दोष देण्याची सक्ती त्यात नाही. ‘मनाला लागले’ हे आपले रूप त्याच्या सर्वांत जवळचे. कार्यालयात तो जपून वापरावा, कारण ‘शी वॉज अपसेट’ याचा अर्थ ऐकणारा ‘तिच्या डोळ्यांत पाणी आले’ असाही घेऊ शकतो, आणि आपल्याला तर सडेतोड वाटायचे असते. ‘क्रॉस’ हा मुख्यतः इंग्लंडातला, घरगुती आणि छोट्या रागाचा शब्द. खोटे बोलल्याबद्दल आई लेकरावर क्रॉस होते, मंत्री विरोधी पक्षावर सहसा होत नाही.

वरच्या टोकाच्या शब्दांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ‘फ्यूरियस’ म्हणजे तळपायाची आग मस्तकात गेलेला. तो मुळातच टोकाचा असल्यामुळे त्याला ‘व्हेरी’ लावणे कानाला खटकते. ‘अ‍ॅब्सोल्यूटली फ्यूरियस’ चालते. ‘लिव्हिड’ हा शब्द मुळात रंगाचा, मुका मार लागल्यावर कातडी जशी शिसवी-निळसर पडते त्या रंगाचा. मराठी माणूस रागाने लालबुंद होतो तसा काळानिळाही होतो, त्यामुळे हा शब्द आपल्याला परका वाटू नये. ‘रेज’मध्ये मात्र माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो. ज्या लॅटिन शब्दापासून ‘रेबीज’ या रोगाचे नाव आले, त्याच शब्दापासून फ्रेंचमार्गे ‘रेज’ही आला आहे, हे लक्षात ठेवले तर तो शब्द साध्या भांडणाला वापरण्याचा मोह होणार नाही. सिग्नलला पुढची गाडी हलली नाही म्हणून उतरून काच फोडणाऱ्या माणसाच्या वागण्याला ‘रोड रेज’ म्हणतात. नुसता हॉर्न वाजवत बसणारा अजून ‘इरिटेटेड’वरच असतो.

जाता जाता अव्ययांचे. माणसावरचा राग ‘अँग्री विथ’, गोष्टीबद्दलचा ‘अँग्री अबाउट’. ‘अँग्री अ‍ॅट’ अमेरिकेत माणसांसाठीही सर्रास चालते. ‘अँग्री ऑन’ मात्र कुठेच चालत नाही. ते आपल्या ‘माझ्यावर रागावला’मधले ‘वर’ आहे.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो. ‘बाई मला रागावल्या’ या वाक्याचे भाषांतर मुले ‘टीचर अँग्रीड मी’ असे करतात. मी ते खोडून ‘टीचर वॉज अँग्री विथ मी’ असे लिहून देतो. हे बरोबर आहे ना?

उत्तर : व्याकरण सुधारले, पण अर्थ थोडा निसटला. मराठीत ‘रागावणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक, मनात राग येणे. आणि दुसरा, बोलून दाखवणे, दम देणे, खडसावणे. ‘बाई मला रागावल्या’ असे मूल घरी येऊन सांगते, तेव्हा बाईंच्या मनात काय चालले होते हे त्याला सांगायचे नसते. वर्गासमोर उभे करून बाई काय बोलल्या, हे सांगायचे असते. कित्येकदा बाई मनातून मुळीच चिडलेल्या नसतात आणि तरी रागावतात, कारण ते त्यांचे कामच असते. म्हणून इथे ‘स्कोल्डेड मी’ किंवा आजच्या बोलीत अधिक रुळलेले ‘टोल्ड मी ऑफ’ हवे. ‘वॉज अँग्री विथ मी’ या वाक्यातल्या बाई दिवसभर एक शब्दही न बोलता फुगून बसलेल्या असू शकतात.

आपल्या मुलांची चूक मला फार हुशारीची वाटते, कारण मराठीत जे क्रियापद आहे ते इंग्रजीतही क्रियापदच असणार, असे त्यांनी तर्काने धरले आहे. इंग्रजीत ‘अँगर’ हे क्रियापद खरोखर आहे. पण ‘द डिसिजन अँगर्ड द फार्मर्स’ या वाक्यात त्याचा अर्थ ‘राग आणला’ असा होतो, ‘रागावले’ असा होत नाही. मुलांना तेवढी दिशा उलट असल्याचे दाखवून द्यावे. असाच उलटेपणा ‘इरिटेटेड’ आणि ‘इरिटेटिंग’ या जोडीत आहे. ‘आज मी फार इरिटेटिंग आहे’ असे प्रौढ माणसेही सहज बोलून जातात, आणि त्याचा अर्थ ‘आज मी इतरांचे डोके उठवतो आहे’ असा होतो. ते कधीकधी खरेही असते, पण बोलणाऱ्याला तसे म्हणायचे नसते.

मोठी माणसे आणखी एक चूक करतात. ‘बॉसने मला फायर केले’ किंवा ‘आज फार फायरिंग झाले’ हे आपल्या कार्यालयांत ‘झापले’ या अर्थाने रोज ऐकू येते. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस हे ऐकून आपली नोकरी गेल्याबद्दल हळहळ व्यक्त करील, कारण तिकडे ‘फायर’ करणे म्हणजे कामावरून काढून टाकणे.

‘टेम्पर’ या शब्दाकडेही वर्गात थोडे लक्ष द्यावे. ‘सरांना टेम्पर आहे’ असे आपण म्हणतो, आणि इंग्रजीतही ‘ही हॅज अ टेम्पर’ म्हणजे रागीट माणूस. मग ‘ही लॉस्ट हिज टेम्पर’ याचा अर्थ त्याचा राग हरवला, म्हणजे तो शांत झाला, असा का होत नाही, असे एखादे चौकस मूल विचारील. याचे कारण असे की ‘टेम्पर’ हा शब्द मुळात योग्य मिश्रणाचा, समतोलाचा आहे. पोलाद ‘टेम्पर’ करतात तेव्हाही त्याचा कठीणपणा आणि लवचिकपणा यांचा मेळ बसवतात. माणूस हरवतो तो हा मेळ. पुढे ‘वाईट टेम्पर’ असे म्हणता म्हणता ‘वाईट’ गळून पडले आणि नुसत्या ‘टेम्पर’लाच रागाचा अर्थ चिकटला. त्यामुळे आज एकाच शब्दाचे दोन जवळजवळ विरुद्ध अर्थ एकाच भाषेत सुखाने नांदताना दिसतात.

प्रश्न : मी नागपूरला भाषांतराची कामे करते. ‘आउटरेज’ म्हणजे आतला ‘रेज’ ‘आउट’ होणे, अर्थात उफाळून बाहेर आलेला राग, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का? आणि ‘इंडिग्नेशन’, ‘रिझेंटमेंट’ यांना मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ऐकायला छान आहे, पण खरे नाही. ‘आउटरेज’मध्ये ‘आउट’ही नाही आणि ‘रेज’ही नाही. लॅटिनमधल्या ‘अल्ट्रा’, म्हणजे ‘पलीकडे’, या शब्दापासून जुन्या फ्रेंचमध्ये मर्यादा ओलांडणे या अर्थाचे एक नाम तयार झाले, आणि ‘अल्ट्राव्हायोलेट’मधला ‘अल्ट्रा’ घासत घासत ‘आउटर’सारखा दिसू लागला. त्याला शेवटी लागलेला ‘एज’ हा ‘व्हिलेज’, ‘मॅरेज’मध्ये दिसतो तोच प्रत्यय. म्हणून या शब्दाचा पहिला अर्थ राग नसून अतिरेक, अत्याचार असा आहे. त्या अत्याचाराने उसळणारा क्षोभ हा नंतरचा अर्थ. भाषांतर करताना हे उपयोगी पडते. ‘द किलिंग वॉज अ‍ॅन आउटरेज’ या वाक्यात ‘आउटरेज’ ही घटना आहे, तर ‘पब्लिक आउटरेज’मध्ये तो लोकक्षोभ आहे. अर्थात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानालाही त्यात ‘रेज’ ऐकू येतोच, आणि त्या भासामुळे शब्दाचा कल रागाकडे झुकला, असे म्हणायला जागा आहे.

‘इंडिग्नेशन’ला मराठीत इतका नेमका प्रतिशब्द आहे की तो सुचला नाही, तर आश्चर्य वाटावे : ‘सात्त्विक संताप’. जे घडले ते ‘अयोग्य’ आहे, माणसाला शोभणारे नाही, या जाणिवेतून येणारा हा राग. ‘डिग्निटी’ आणि ‘इंडिग्नेशन’ एकाच मुळातून फुटले आहेत. तो स्वतःवरच्या अन्यायाबद्दल असतो तसा दुसऱ्यावरच्या अन्यायाबद्दलही असतो, आणि तो बाळगणाऱ्याला आपली बाजू न्यायाची आहे अशी खात्री असते. मराठीत ‘सात्त्विक संताप’ हल्ली पुष्कळदा चेष्टेने वापरला जातो, जसे ‘चर्चेत त्यांचा सात्त्विक संताप अनावर झाला’. गंमत म्हणजे इंग्रजीतही ‘राइटियस इंडिग्नेशन’ची नेमकी हीच गत झाली आहे. त्यामुळे गंभीर मजकुरात मी ‘तीव्र चीड’ किंवा ‘न्याय्य संताप’ असे लिहीन आणि उपरोध हवा असेल तिथेच ‘सात्त्विक’ ठेवीन.

‘रिझेंटमेंट’ हा मात्र कसोटी पाहणारा शब्द आहे. फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दात ‘पुन्हा’ आणि ‘जाणवणे’ असे दोन तुकडे आहेत. झालेली गोष्ट होऊन गेली, पण ती मनात पुन्हा पुन्हा जाणवत राहते. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही, वरून सगळे सुरळीत. धाकट्या जावेला सासूने दागिने दिले, थोरलीने सणाला तिच्यासाठी पुरणपोळ्याही लाटल्या, आणि तरी वीस वर्षे तिच्या मनातून ते गेले नाही, हा ‘रिझेंटमेंट’. मराठीत ‘आकस’ जवळ आहे, ‘मनात धरणे’ त्याहून जवळ. ‘डूख धरणे’ थोडे पुढचे आहे, कारण त्यात संधी मिळताच दंश करण्याचा इरादा आहे, तो ‘रिझेंटमेंट’मध्ये असेलच असे नाही. संदर्भ घरगुती असेल तर ‘रागराग करणे’ही विसरू नये. ‘ती सुनेचा रागराग करते’ याचे इंग्रजी कोणी ‘अँग्री’ने केले, तर एका दिवसाच्या भांडणाची बातमी होईल, ‘शी रिझेंट्स हर’ यात आयुष्यभराचा संसार आला.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत, न्यू जर्सीला शाळेत जाते. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, ‘आजी, टीचर वॉज सो मॅड टुडे’. मी घाबरले. तिकडे सगळेच रागाला वेडेपणा म्हणतात का?

उत्तर : घाबरण्याचे कारण नाही, बाई फक्त चिडल्या होत्या. अमेरिकेत रोजच्या बोलण्यात ‘मॅड’ म्हणजे ‘रागावलेला’ हाच पहिला अर्थ आहे, आणि मुलांच्या तोंडी तर ‘अँग्री’पेक्षा ‘मॅड’च अधिक असतो. इंग्लंडमध्ये तो प्रथम ‘वेडा’ या अर्थाने ऐकला जातो. मात्र ही अमेरिकेने केलेली नवी तोडफोड नाही. रागाचा अर्थ इंग्लंडमध्येच फार जुना आहे, आणि 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्येही एखाद्यावर ‘मॅड’ होणे असा प्रयोग आढळतो. आपणही ‘रागाने वेडापिसा झाला’ असे म्हणतोच. नातीने पुढे कधी ‘आय अ‍ॅम हँग्री’ असे म्हटले, तर तिचा उच्चार चुकला असे समजू नये. ‘हंग्री’ आणि ‘अँग्री’ यांची ही खिचडी आहे, भुकेने होणारी चिडचिड, आणि 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही तिला पंगतीत घेतले. तिला खाऊ द्यायला सांगावे.

प्रश्न : ‘अँगर’ आणि आपला ‘अंगार’ यांचे मूळ एकच असावे, असे मला वाटते. रागाला आपण आगीचीच उपमा देतो.

उत्तर : आपला अंदाज रास्त वाटावा इतके ते शब्द सारखे दिसतात, पण त्यांचे नाते नाही. ‘अँगर’ हा शब्द उत्तरेकडच्या, व्हायकिंगांच्या, जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि तिथे त्याचा अर्थ दुःख, यातना असा होता. इंग्रजीतही सुरुवातीला तो तसाच वापरला जाई, आणि सुजून लाल झालेल्या जखमेला इंग्रजीत आजही ‘अँग्री’ म्हणतात. त्याच्या मुळाशी आगीऐवजी आवळले जाण्याची, कोंडले जाण्याची कल्पना आहे. ‘अँग्झायटी’, ‘अँग्विश’ हे त्याचे इंग्रजीतले नातेवाईक, आणि संस्कृतातला नातेवाईक शोधायचा तर तो ‘अंहस्’, म्हणजे संकट, क्लेश. ‘अंगार’ हा कोळशाच्या कुळातला. त्याचे भाऊबंद रशियन आणि लिथुआनियन भाषांतल्या कोळशाच्या नावांत सापडतात.

आगीचे नाते हवेच असेल, तर ते दुसरीकडे आहे. संतापलेला इंग्रज ‘आय अ‍ॅम फ्यूमिंग’ असे म्हणतो. त्या ‘फ्यूम’चे लॅटिन मूळ आणि संस्कृत ‘धूम’ हे एकाच आद्य शब्दाचे वंशज आहेत, आणि आपले ‘धुमसणे’ त्या धुराच्याच घरातले. वापरात मात्र फरक ठेवावा. ‘फ्यूमिंग’ असलेल्या माणसाच्या नाकातोंडातून धूर निघताना समोरच्याला दिसतो. मराठीत धुमसणारा माणूस चार-चार दिवस वर काहीच दिसू देत नाही.